न बिघडणाऱ्या भागांची हमी

टेक्सासमधले आमचे साडू निवृत्त झाले आणि त्यांना मोटरहोमचा ध्यास लागला. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास सगळं बरोबर घेऊन यलोस्टोनला जायचं आणि तिथल्या पार्किंगमध्ये बसून मुगाची खिचडी खायची, असा बेत. गाडी पंधरा वर्षं जुनी. भाव ठरला, आणि सह्यांसाठी साडूंना आतल्या केबिनमध्ये नेण्यात आलं.

बाहेरच्या विक्रेत्याच्या मते इंजिनाला अजून वीस वर्षं मरण नव्हतं. आतल्याच्या मते ते वायोमिंगच्या पहिल्याच चढावर राम म्हणणार होतं. त्यावर उतारा म्हणजे काही हजार डॉलरची एक्स्टेंडेड वॉरंटी. शिवाय ती कर्जातच घालून देणार, हप्त्यात कळणारही नाही. (व्याज कळतं, पण नंतर.)

प्रकार ओळखीचा आहे. पत्रिकेत शनी दाखवणारा आणि शनीची शांत करणारा गुरुजी एकच. वर्ष बरं गेलं तर शांतीचा गुण, वाईट गेलं तर यजमानाचं आचरण कमी पडलं.

अमेरिकेचा कायदा या एक्स्टेंडेड वॉरंटीला वॉरंटी मानतच नाही. वॉरंटी किमतीतच येते. वेगळे पैसे मोजून घेतात तो सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. साडू इंजिनियर असल्यामुळे त्यांनी तो वाचायला घेतला. केबिनमध्ये याची कुणाला सवय नव्हती.

करार दोन तऱ्हेचे. एकात काय भरून मिळेल याची यादी असते, दुसऱ्यात काय मिळणार नाही याची. दुसरा बरा, कारण यादीत नसलेलं सगळं मिळतं. म्हणून यादीत काही राहून जाणार नाही याची काळजी घेतात. झीज नाही, गंज नाही, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नाहीत, आधीपासूनचे दोष नाहीत, देखभालीच्या पावत्या हरवलेल्यांना तर काहीच नाही. आणि पाणी नाही. आता मोटरहोमचा म्हातारपणचा रोग पाणी हाच. छताचं सीलंट तडकतं, पाणी भिंतीत मुरतं, आतलं प्लायवूड कुजतं आणि बाहेरचा फायबरग्लास फुगतो. टायरांची नक्षी नव्यासारखी दिसते, पण सहासात वर्षांत रबर वयानेच जातं. तेही आपलं.

बटण दाबलं की भिंत बाहेर सरकून खोली रुंद होते, तिला स्लाइडआउट म्हणतात. तिची मोटर करारात बसते, भोवतालचं रबरी सील बसत नाही. सील फाटून पाणी शिरलं आणि मोटर जळली, तर कारण सील. सील आपलं, म्हणून मोटरही आपली. इंजिनाचा दोष शोधायला ते खोलावं लागतं. दोष कराराबाहेरचा निघाला तर खोलल्याची मजुरीही आपली.

तरी करार सरसकट टाकाऊ म्हणवत नाही. जनरेटर, फ्रिज, ट्रान्समिशन यांची बिलं हजारांत जातात. एका बिलाने ज्याचं वर्ष बुडेल, त्याने जरूर घ्यावा; पण दुसरीकडे भाव काढून, आणि आधी स्वतंत्र तपासनीस बोलावून. त्याची फी कराराच्या मानाने किरकोळ, आणि ‘हा दोष आधीपासूनचा’ हे कंपनीचं आवडतं वाक्य त्याच्या अहवालापुढे जरा अडखळतं. ज्याच्या गाठीला पैसे आहेत त्याने तेवढीच रक्कम बँकेत टाकावी. बँक देखभालीच्या पावत्या मागत नाही.

साडूंनी तपासनीस आणला. त्याने संडासामागच्या भिंतीवर अंगठा दाबला, अंगठा आत गेला. केबिनमधला गृहस्थ शांतपणे म्हणाला, “हे सोडून बाकी सगळं करारात बसतं.”

साडूंनी गाडी सोडली. गाड्यांच्या वॉरंटीच्या नावाने २०२१मध्ये तीन महिन्यांत ५०० कोटींहून अधिक फोन करणाऱ्या टोळीला अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २०२३मध्ये जवळजवळ ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला, म्हणून त्यांना वाटलं, ही कटकट तरी संपली असेल. पण आता रोज फोन येतो: तुमच्या मोटरहोमची वॉरंटी संपत आली आहे. साडू विचारतात, “कुठलं मोटरहोम?” फोन बंद.