कढीपत्त्यावरचे दरोडेखोर

शनिवारची सकाळ, साडेसहाची वेळ. अल ऐनमधल्या एका व्हिलामागच्या वीतभर बागेत एक मध्यमवयीन मराठी इंजिनिअर पालथे पडलेले आहेत. नाक कढीपत्त्याच्या कुंडीला टेकलेलं, श्वास रोखलेला. बांगलादेशी माळी पाइप हातात घेऊन थोडा वेळ बघतो आणि अदबीनं विचारतो, "साब, कुछ गिर गया क्या?"

साहेब हातानंच त्याला गप्प करतात. पडलेलं काहीच नाही. पानाखाली एक प्रार्थनाकीटक माशी खातोय आणि माशीचं डोकं अजून शिल्लक आहे.

या बागेतलं सगळंच बाहेरून आलेलं. माती पोत्यातून आली, पाणी समुद्राचं गोडं करून आलं, साहेब ठाण्याहून आले. न बोलावता आला तो मावा, आणि त्याच्या वासावर त्याला खाणारे. पहिल्या वर्षी साहेबांनी इतर सज्जनांसारखीच फवारणी केली. दुसऱ्या वर्षी वाढदिवसाला मॅक्रो लेन्स मिळाली आणि त्यांची निष्ठाच बदलली. मावा नसेल तर ढालकिडा कशाला येईल? सात ठिपक्यांचा एक ढालकिडा दिवसाला पन्नासेक मावा सहज फस्त करतो. तेव्हा पाहुण्यांसाठी पंगत मांडलेली हवी. आता माळ्याच्या हाती फवारणीचा पंप दिसला, की साहेब दोन्ही हात पसरून कण्हेरीपुढे उभे राहतात. त्या कण्हेरीवर पिवळा मावा असा दाटलाय, की जेजुरीचा भंडारा आठवावा.

"शेजारी मावा मारतात, आपण पाळतो," असं सौ. फोनवर माहेरी सांगतात.

मॅक्रोचं गणित भलतं कडक आहे. एकास एक प्रमाणात, म्हणजे कीटक सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापाएवढा उमटवायचा, तर अकराच्या अ‍ॅपर्चरलाही जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. डोळा साधला तर मिशी धूसर, मिशी साधली तर कीटक उडालेला. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून साहेबांनी त्यावर श्रीखंडाचा पांढरा डबा कापून बसवलाय. त्यासाठी आधी अर्धा किलो श्रीखंड संपवावं लागलं, पण कलेसाठी तेही सोसलं. उन्हाळ्यातली अडचण मात्र डब्यानं सुटत नाही. एसीतला गार कॅमेरा दमट सकाळी बाहेर काढला, की लेन्सवर अशी वाफ धरते, जशी कुकर उघडताना चष्म्यावर. अर्धा तास थांबा, मग बघा. तोवर शिकारही झालेली असते आणि जेवणही.

१५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करायला इथे सरकारी बंदी असते. कीटकांना हा नियम कुणी कळवलेला नाही. भर उन्हात दरोडेखोर माशी फांदीच्या टोकाला बसते, उडतं सावज हवेतच धरते आणि त्याला सोंड टोचून आत लाळ सोडते. सावज लुळं पडतं, त्याचं आतलं सगळं पातळ होतं आणि बाई ते शांतपणे पिते. तिच्या तोंडावर राठ केसांचा झुपका असतो. शास्त्रज्ञ त्याला 'मिस्टॅक्स' म्हणतात, म्हणजे ग्रीकमध्ये मिशी. दरोडा घालायचा तर मिशी हवीच, हे चंबळखोऱ्याच्या आधी माशीला सुचलं होतं.

एसीच्या बाहेरच्या युनिटवर कुंभारीण माशी मातीचं गाडगं बांधते. त्यात अंडं घालते, डंखानं बधिर केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. अळ्या मेलेल्या नसल्यानं नासत नाहीत; पिल्लू ताजं जेवतं. हे ऐकल्यापासून सौ.नी रविवारच्या डब्यांची तयारी 'कुंभारीणकाम' म्हणून जाहीर केली आहे.

इमारतींवर चतुर घिरट्या घालतात. त्यांतला भटका चतुर भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतो, हे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९मध्ये मांडलं. ना व्हिसा, ना एमिरेट्स आयडी. साहेबांना त्याचा हेवा वाटतो.

त्यांचा आदर्श मात्र जवळचाच आहे. अबू धाबीचे युसुफ अल हबशी यांना २०१८ साली 'निकॉन स्मॉल वर्ल्ड' स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, ते फिलिपाइन्समधल्या एका सोंडकिड्याच्या डोळ्याच्या फोटोला. सव्वाशेहून जास्त फोटो एकावर एक जोडून तो डोळा साकारला होता. साहेबांनीही ठरवलं, सव्वाशे फोटो. चौथ्याला वारा आला.

प्रार्थनाकीटकाला अरबीत 'फरस अन-नबी' म्हणतात, प्रेषिताचा घोडा. त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि आपण जिकडे सरकू तिकडे तो सरकतो. खरं तर ते बुबुळ नव्हे. त्या डोळ्याचा जो भाग नेमका आपल्या दिशेला असतो, तिथला उजेड आत शोषला जातो, म्हणून तो काळा भासतो. पण पालथं पडलेल्या माणसाला हे पटत नाही. परवानगीवाचून कुणाचा फोटो काढणं या देशात गुन्हा आहे, आणि समोरची बाई एकटक बघते आहे.

परवा ऑफिसात फोन वाजला. "अहो, कढीपत्त्यावर तुमची ती आलीय. मोठी आहे, हिरवीगार. येताय का?" साहेब 'साइटवर जातो' सांगून निघाले. घरी पोहोचून कॅमेरा काढला, लेन्सवर वाफ धरली. ती पुसेपर्यंत 'ती' गेली.

सौ.नी मात्र मोबाइलवर एक फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. साहेबांनी बघितला: मधोमध, डोळ्यांतल्या ठिपक्यांसकट, लख्ख. खाली ठाण्याच्या मावशींचं उत्तर आलेलं होतं.

"कढीपत्ता छान आलाय गं. पण यात दाखवायचं काय होतं?"