दानधर्माची अखिल भारतीय खिडकी

दान करणे हा आपल्याकडे अजून गुन्हा ठरलेला नाही. ते फक्त संशयास्पद वर्तन आहे. म्हणून देशातल्या तमाम धर्मादाय संस्थांची एकाच ठिकाणी, एकदाच काय ती नोंद करून टाकावी, अशी सूचना अधूनमधून डोके वर काढते. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत 28 व्या नोंदीवर हा विषय आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य, दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. दोघांनीही ही संधी दवडलेली नाही.

समजा, तुम्हाला महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात वाचनालय काढायचे आहे. आधी सात टाळकी जमवा आणि सत्तावन्नची धग निवायच्या आत इंग्रजांनी केलेल्या 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवा. मग त्याच कार्यालयात, बहुधा त्याच साहेबांपुढे, 1950 च्या कायद्याखाली तीच संस्था न्यास म्हणून नोंदवा. पुढे आयकर खाते. तिथे 12-ए पाठ झाले तोवर 12-एए आले, ते घोकले तर 12-एबी. देणगीदाराला सवलत हवी तर 80-जी. नीती आयोगाचे 'दर्पण' वेगळे, कंपन्यांच्या पैशासाठी सीएसआर-1 वेगळा. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या भाच्याला गडचिरोलीतल्या शाळेला फळा घेऊन द्यावासा वाटला, तर गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. शिवाय पैसे आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत उतरणार. फळ्याने तेवढी राजधानी पाहिलेली नसते.

एवढे करून वाचनालय सुरू झाले आणि खजिनदार वारले. झालेला बदल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. सभेची नोटीस, ठराव, मृत्यूचा दाखला, नव्या खजिनदाराचे संमतीपत्र, सगळे जोडून चेंज रिपोर्ट दाखल होतो. मग तारखा. तिकडे बँक म्हणते, शेड्यूल वनचा उतारा आणा, त्यावर नवे नाव दिसले की सही बदलू. उताऱ्यावर अजून कैलासवासीच कारभार पाहत असतात. पेपरवाल्याचे बिल थकते आणि नवे खजिनदार ते खिशातून भरतात. त्या पैशाची पावती फाडली नाही, म्हणून लेखापरीक्षक शेरा मारतो.

लबाडांना यातले काही बाधत नाही. त्यांच्या फायली देखण्या असतात. त्या देखण्या ठेवायला माणसे पगारावर असतात. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखायच्या, ही योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू आहे. कागदावर खाट असते. रुग्ण स्ट्रेचरवरून आला की तेवढी ती भरलेली निघते.

तेव्हा राष्ट्रीय व्यवस्था हवीच. प्रस्तुत लेखकाने देशहितार्थ तिचा मसुदा केला आहे. एक, 'राष्ट्रीय दान नियमन मंडळ' स्थापन करावे. मात्र आधीच्या सर्व नोंदण्या कायम राहतील, कारण मंडळाकडे अर्ज करताना त्यांच्या साक्षांकित प्रती जोडायच्या आहेत. दोन, भुकेल्याला जेवू घालण्यापूर्वी भुकेचा दाखला घ्यावा. तो तलाठी देतील, पण उपाशीपोटी. तीन, पूर आल्यास मदतीचा अर्ज पूर येण्यापूर्वी 30 दिवस करावा. चार, मंडळाच्या खर्चासाठी संस्थांकडून उत्पन्नाचा काही हिस्सा घ्यावा. यात नवे काही नाही. महाराष्ट्रात अशी दोन टक्के वर्गणी वर्षानुवर्षे घेतली जायची, पुढे न्यायालय आड आले.

पाचवे कलम महत्त्वाचे. परदेशी देणगीतून प्रशासनावर 20 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असे बंधन 2020 पासून आहे. ते आता सर्व संस्थांना, सर्व पैशांना लागू करावे. मंडळाला त्यातून अर्थातच सूट असेल, कारण प्रशासनाखेरीज त्याला दुसरा खर्चच नाही.