गडहिंग्लजचा गेमर

गडहिंग्लजमध्ये गेमर हा शब्द व्याकरणाने एकवचनी असला, तरी प्रत्यक्षात तो एकटा सापडत नाही. कन्सोल एक, कंट्रोलर दोन आणि माणसं सहा ते आठ, एवढं जमलं की एक गेमर पूर्ण होतो. दोघे खेळतात, उरलेले बोलतात. खेळणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याला जास्त कळतं, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालमीच्या कट्ट्याप्रमाणे इथेही ठरलेलं आहे. कायदा एकच: ‘हरंल त्यो उठंल.’ तो कन्सोलच्या मालकालाही लागू असल्यामुळे, पन्नास हजारांच्या यंत्राचा धनी स्वतःच्याच घरात, पलंगाच्या कडेला, नंबर यायची वाट बघत बसलेला दिसतो.

त्याची वंशावळ कॅसेटपासून सुरू होते. नव्वदच्या दशकातलं नकली आठ-बिटी यंत्र टीव्हीला जोडायचं, कॅसेट घालायची, चित्र आलं नाही की काढून फुंकायची आणि पुन्हा घालायची. फुंकरीने काही होत नसे, कॅसेट परत बसवल्याने आतले पत्रे नीट टेकत. पण श्रेय फुंकरीला जाई. कॅसेटवर लाखभर खेळांचा आकडा छापलेला असे, आत मारिओ, कॉन्ट्रा आणि त्यांचेच नाव बदलून आलेले भाऊबंद निघत. पुढे तासाच्या हिशेबाने प्लेस्टेशन २ खेळायला देणारी दुकानं आली आणि त्यांत २००६ साली निघालेला ‘क्रिकेट ०७’ पुढची कित्येक वर्षं चालला. मग मोबाइलवरच्या पबजीने सगळ्यांना कट्ट्यावर माना खाली घालून बसवलं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा बरीच पोरं माना वर करून एकमेकांकडे बघू लागली. त्यातली काही पुन्हा कन्सोलकडे वळली.

प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाल्या यंत्राची तेव्हाची किंमत ४९,९९० रुपये. हा आकडा गडहिंग्लजच्या एकाही घरात जसाच्या तसा उच्चारला गेलेला नसावा. पप्पांना ‘चाळीसच्या आसपास’, आईला ‘मित्राचं हाय, ठेवाय दिलंय’ आणि आज्जीला ‘टीव्हीचा डबा’ असं सांगायची रीत आहे. आज्जीला तरीही खरा आकडा सगळ्यांत आधी कळतो. ‘एवढ्यात म्हस आली असती. दोन वक्ताला दूध तरी दिलं असतं,’ हे तिचं म्हणणं. गोकुळ दूध संघाच्या जिल्ह्यात या युक्तिवादाला उत्तर नाही, आणि गेमरही ते देण्याच्या फंदात पडत नाही.

एवढं करून घेतलेल्या यंत्रावर तो मुख्यतः फुटबॉल खेळतो. त्याला कारण गाव आहे. दिवाळीत गडहिंग्लज युनायटेड ही फुटबॉल संघटना एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय स्पर्धा भरवते, परराज्यांतले संघ येतात, आणि फराळाच्या ताटापेक्षा पेनल्टीची चर्चा लांबते. अशा गावात ईए स्पोर्ट्सच्या फुटबॉलला वेगळी जाहिरात लागत नाही. त्या कंपनीचा आणि फिफाचा जवळपास तीस वर्षांचा संसार मोडला आणि सप्टेंबर २०२३ पासून खेळाचं नाव ‘एफसी’ झालं. गडहिंग्लजने ते अजून मनावर घेतलेलं नाही. वनस्पती तूप कुठल्याही कंपनीचं असलं तरी डालडा, तसा हा खेळ फिफाच. ‘तेच मैदान, तीच माणसं, जर्सी तेवढी नवी,’ असं म्हणत तो दर सप्टेंबरात नवा भाग नाकारतो आणि ऑक्टोबरात घेतो. फिफा २२ मध्ये इंडियन सुपर लीगचे संघ आले, तेव्हा त्याने आधी अनिकेत जाधवचं नाव शोधायला घेतलं. कोल्हापूरचा हा पोरगा २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला होता. आपल्या माणसांना खेळात दिलेले गुण बघून बाहेर पडलेले उद्गार इथे देता येत नाहीत.

या अभ्यासाचे परिणाम खऱ्या मैदानावरही दिसतात. ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला पडद्यावर कळलेलं असतं आणि बचाव फोडून जाणारा पास त्रिकोणाच्या बटणाने निघतो हे अंगठ्याला पाठ असतं. त्यामुळे हायस्कूलच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या जिवंत फॉरवर्डला तो बांधावरून ओरडतो, ‘त्रिकोण दाब, मर्दा, त्रिकोण!’ फॉरवर्डही फावल्या वेळात गेमरच असल्याने त्याला ते कळतं.

फुटबॉलबाहेरच्या खेळांबद्दल त्याची मतं ठाम आणि थोडक्यात असतात. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’मध्ये क्रेटॉस नावाचा बाप मुलाशी जेमतेम बोलतो आणि अडचण आली की कुऱ्हाड काढतो. जगभर या नात्याच्या चित्रणाचं कौतुक झालं. गडहिंग्लजच्या पोरांना त्यात विशेष काही दिसलं नाही, कारण तसा बाप रोज संध्याकाळी गाडी लावून घरात येतो, कुऱ्हाड तेवढी नसते. ‘ॲस्ट्रो बॉट’ला २०२४ चा सर्वोत्तम खेळ म्हणून द गेम अवॉर्ड्समध्ये मान मिळाला. त्याला तो ‘बारक्या पोरांचा’ म्हणतो आणि धाकटी बहीण शाळेत गेली की खेळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीच्या या गोष्टीत दुर्गा आणि विष्णू बोलतात, म्हणून आईही हातातलं निवडणं घेऊन टीव्हीसमोर येऊन बसते. आपल्या माणसांनी केलेला खेळ म्हणून त्याने तो अभिमानाने विकत घेतला. सेलमध्ये.

मात्र सगळ्यांत मोलाचं काम ‘एल्डन रिंग’ने केलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला हा जपानी खेळ माणसाला मारण्यासाठीच बनवलेला आहे. त्यातली मलेनिया नावाची तलवारवाली बाई जगातल्या भल्याभल्यांना दिवसच्या दिवस अडवून धरते. एकट्याने सोसायचा हा मार गडहिंग्लजने ‘हरंल त्यो उठंल’ खाली आणला. मेला की रिमोट पुढच्याकडे. (कंट्रोलरला इथे रिमोटच म्हणतात.) सात जण पाळीपाळीने मरत राहिले, पाळी नसलेले सल्ले देत राहिले, आणि चौथ्या रात्री ज्याच्या हातून बाई पडली तो नेमका चहाचे कप आत ठेवायला निघालेला, मधेच हाक मारून बसवलेला पोरगा होता. बनवणाऱ्यांना ही पद्धत बहुधा सुचली नसेल.

ऑनलाइन खेळाचं शास्त्र निराळं. प्लेस्टेशनवर बहुतेक खेळ ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी लागते. फुकट मिळणाऱ्या खेळांना लागत नाही. वर्गणी संपली की तो कोनामीच्या फुकटच्या ‘ईफुटबॉल’वर येतो. हे त्याचे उपवासाचे दिवस. हरल्यावर तो पहिलं बोट पिंगकडे दाखवतो, आणि त्यात तथ्य आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सिंगापूर इथून साधारण ३,६०० किलोमीटर, म्हणजे तिथल्या सर्व्हरला बटण कळून उत्तर यायला काही झालं तरी ३६ मिलिसेकंद लागणार. वाटेतली यंत्रं त्यात आपली भर घालतात. जिंकल्यावर हीच पिंग कुठे जाते, हे भौतिकशास्त्राला सांगता आलेलं नाही.

इथल्या गेमरला एक गोष्ट मात्र इतरांपेक्षा जास्त लाभली आहे. हेडफोनवर समोरचा गडी कन्नडमध्ये शिव्या देऊ लागतो, अर्थ कुणाला कळणार नाही या भरवशावर. कर्नाटकातलं संकेश्वर हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात तो भरवसा चुकीचा ठरतो. गेमर शांतपणे ऐकून घेतो आणि त्याच भाषेत, दोन जास्तीच्या शब्दांसह, परतफेड करतो. पलीकडे क्षणभर शांतता, मग ‘कुठला रे तू?’ आणि पुढचा अर्धा तास खेळ बाजूला राहून दोघांचे पाहुणे कुठे कुठे आहेत याचा शोध.

ऑनलाइन सामना थांबवता येत नाही, हे घरातल्या बहुतेक भांडणांचं मूळ आहे.

‘जेवाय ये. थांबीव ते.’

‘ऑनलाइन हाय आई, थांबत न्हाई.’

‘मग समोरचं पोरगं जेवत न्हाई व्हय?’

त्यात फिफाची शनिवार-रविवारची लीग शुक्रवारी सुरू होऊन सोमवारपर्यंत चालते आणि गडहिंग्लजचा आठवडी बाजार रविवारी असतो. निर्णायक सामन्याच्या ऐंशीव्या मिनिटाला हातात पिशवी येते. कागदोपत्री झालेल्या त्याच्या पराभवांपैकी बरेचसे मेथी, वांगी आणि जवारी मिरचीने केलेले आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. त्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे, पण नातेवाइकांपर्यंत पहिलाच भाग पोचला. ‘बंद झालं न्हवं तुझं ते?’ असं मामा लग्नाच्या पंगतीत विचारतात. रमी वेगळी, आपलं वेगळं, हे तो जिलेबी येईपर्यंत समजावतो. खेळाडूंची पाकिटं खऱ्या पैशाने घेऊन आत कोण निघतो बघायचं, हा फिफातला प्रकार बेल्जियमने जुगार ठरवल्यावर कंपनीला तिथली विक्री २०१९ मध्ये थांबवावी लागली, हे मात्र तो मामांना सांगत नाही.

दिवाळीच्या स्पर्धेत कन्सोलवर टॉवेल टाकलेला असतो आणि सगळे मैदानावर असतात. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, ‘जीटीए ६’ हा खेळ यायची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर. उसाचं पहिलं बिल त्यानंतर पडतं. मधल्या दिवसांची सोय कशी करायची यावर आठ जणांची बैठक चालू आहे. आज्जीला अजून कळवलेलं नाही.