जागाभाऊ

पुण्याच्या नंबरची एक पांढरी गाडी कुडाळच्या एस.टी. स्टँडसमोर थांबली. आतल्या गृहस्थांनी काच खाली करून पानवाल्याला विचारलं, "इथे जागा कोण दाखवतं हो?" पानवाल्याने हातातल्या पानाला चुना लावता लावता झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच्या बाकाकडे हनुवटी वळवली. बाकावर जागाभाऊ बसले होते.

"जागा आहेत का?" गृहस्थांनी विचारलं.

"आसत तर! शिक्षण किती?"

"एम.बी.ए." गृहस्थ गोंधळले होते, पण खरं बोलून गेले.

"वय?"

"बेचाळीस."

भाऊंनी लाल पेनाचं टोपण मिटलं. "ओपनाक अडतीस. चार वर्सां उशीर झालो. कॅटेगरी आसा काय खंयची?"

गृहस्थांना हवे होते दहा गुंठे. सातबारा स्वच्छ, रस्त्याला लागून, नदी दिसली तर उत्तम. आमच्या तळकोकणात 'जागा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक जागा जमिनीची, ती जो तो विकायला काढतो. दुसरी नोकरीची, ती सरकार पाच-सात वर्षांनी एकदा काढतं. भाऊंचा संबंध फक्त दुसरीशी. "जागे सुटले!" ही त्यांची आरोळी स्टँडवर ऐकू आली की सावंतवाडीच्या गाडीत चढलेली पोरंसुद्धा खाली उतरतात.

भाऊंचं सगळं कार्यालय युरियाच्या गोणीपासून शिवलेल्या एका पिशवीत मावतं. जाहिरातींची कात्रणं, भाताच्या शितांनी वहीवर चिकटवलेली. शितांमुळे १९९४ सालच्या भरतीला मुंग्यांनी मधोमध भोक पाडलंय. लाल पेन, शाईचा पॅड, पासपोर्ट फोटो कापायची कात्री. आणि एक निळा टाय. त्याची गाठ बहुधा विसाव्या शतकात बांधलेली आहे. ती कधी सुटत नाही, नुसती सैल होते. फोटोच्या वेळी ती पोराच्या डोक्यातून खाली सरकवायची. तालुक्यातल्या निम्म्या उमेदवारांच्या फोटोत तोच टाय आहे. उद्या एखाद्या साहेबाने अर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एकच माणूस दोनशे चेहऱ्यांनी नोकरी मागतोय असं त्याला वाटेल. ते फारसं चूकही नाही.

पिशवीच्या पहिल्या कप्प्यात एक लॅमिनेट केलेला कागद असतो. त्याची कथा मला सांगायलाच हवी, कारण तिचा लाभार्थी मी आहे.

तेव्हा सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्डाचं नूतनीकरण करत राहायचं आणि कॉलची वाट बघायची, असा रिवाज होता. कारकुनाच्या जागांचा कॉल आला तो आम्हां सात जणांना मिळून. माझं अक्षर डॉक्टरांसारखं, बाकीच्यांचं पेशंटसारखं. भाऊंचं मात्र छापल्यासारखं. त्यांनी रात्रभर बसून, कंदिलाच्या काचेला काजळी धरेपर्यंत, सहाही जणांचे अर्ज भरले. कोणाच्या जन्मतारखेत खाडाखोड नको, कोणाच्या आडनावात ऱ्हस्व-दीर्घ नको. सातवा अर्ज स्वतःचा. त्यावर सही राहिली.

मला नोकरी लागली. भाऊंना पत्र आलं: 'अर्जावर स्वाक्षरी नसल्याने विचार करता येत नाही.' पुढे लॅमिनेशनचं यंत्र गावात आलं तेव्हा त्यात शिरलेला पहिला कागद तो. आजही नवा पोरगा आला की भाऊ आधी तो कागद त्याच्या नाकासमोर धरतात. "वाच. मोठ्यान वाच. आता सय कर."

मी निवृत्त झालो. दर एक तारखेला, पेन्शन जमा झाली की, भाऊंना चहा पाजतो. हे ऋण फेडण्याचं माझं माप, त्यावरून माणसाची लायकी कळते. भाऊंना त्याचं काही नाही. उलट एक तारखेला ते मुद्दाम पाच-सहा पोरं जमवून ठेवतात आणि मी येताना दिसलो की म्हणतात, "इले बघा कारकुनानू! नीट बघून घेवा. एक नोव्हेंबर दोन हजार पाचच्या आधी लागलेलो माणूस. जुनी पेन्शन! हेच्यापुढे असो माणूस गावाचो नाय." पोरं देवराईतल्या जुन्या झाडाकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहतात. एकाने तर पाया पडताना माझ्या गुडघ्याला हात लावून खात्री करून घेतली.

नोकरीचा हा ध्यास भाऊंच्या घरात वारशानेच आला. वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात. घर मनीऑर्डरवर चालायचं आणि पोस्टमन घरच्या सत्यनारायणाला पहिल्या पंगतीत बसायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि भाऊंचे वडील पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. "संप मिटलो की जातंय," म्हणाले. गिरणीचा पास देवघरात, गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला. तो संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही. त्यामुळे वडील वारले तेव्हाही, भाऊंच्या हिशोबाने, ते बेकार नव्हते. संपावर होते.

मग कोकण रेल्वे आली. जमीन जाणाऱ्यांना नोकरीत प्राधान्य, असं कळल्यावर भाऊंच्या घरात पहिल्यांदाच देवाला जमीन जावी म्हणून नारळ ठेवला गेला. मोजणीवाले आले, खुंट्या मारल्या, आणि रूळ भाऊंच्या कुंपणापासून चाळीस फुटांवरून गेले. शेजाऱ्याची काजूची रांग गेली आणि त्याचा मुलगा रेल्वेत लागला. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला, तेव्हापासून रोजची गाडी धडधडत गेली की भाऊ मान न वळवता म्हणतात, "ज्येचो जागो गेलो, तेका जागो गावलो." नोकरीपासून आपण नेमके किती दूर राहिलो हे फुटांत सांगू शकणारा बेकार माझ्या माहितीत दुसरा नाही.

पण कडवटपणा म्हणाल तर नाही. २०१६ साली सरकारने खुल्या वर्गाची वयोमर्यादा तेहेतीसवरून अडतीस केली, तेव्हा भाऊंनी पेढे वाटले. त्यांनी स्वतः पन्नाशी ओलांडली होती. "माका नाय रे. पण पाच वर्सां आशा वाढली मां!"

आकड्यांशी त्यांचं वैर नाही, प्रेमही नाही. नुसता घरोबा. २०२३ साली तलाठ्यांच्या ४६४४ जागा सुटल्या आणि दहा लाखांवर अर्ज गेले. भाऊंनी झेरॉक्सच्या भिंतीवर खडूने भागाकार केला. एका खुर्चीमागे सव्वादोनशे. खुल्या वर्गाला फी हजार रुपये, राखीवला नऊशे. मग गुणाकार केला. उत्तर नव्वद कोटींच्या वर गेलं, तेव्हा खडू संपला. पुढच्या वर्षी पोलीस भरतीला १७,४७१ जागा आणि सतरा लाखांवर अर्ज, म्हणजे शंभरात एक. भाऊंना भरतं आलं. "अर्धीय गर्दी नाय!" दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते मैदानावर हजर. पोरं सोळाशे मीटर पळतायत आणि भाऊ लुनावरून बाजूने हातात मोबाइल धरून सेकंद ओरडतायत. शेवटच्या फेरीत लुना बंद पडली. एका पोराने पळता पळताच ती ढकलली आणि तरीही तो दुसरा आला. भाऊंच्या मते ही त्या पोराच्या पात्रतेची चाचणी. माझ्या मते लुनाची.

त्याच सुमाराला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना सहा हजार, आय.टी.आय.ला आठ, पदवीला दहा, आणि मुदत तेव्हा सहा महिने. भाऊंनी एका वाक्यात समजावली: "सहा म्हयन्यांचो जावय. पाहुणचार घे, हक्क सांगू नको."

खरा रोजगार मात्र आता सरहद्दीपलीकडे आहे. सकाळी बांद्याच्या पुढे पत्रादेवीच्या नाक्यावर उभं राहिलं तर हेल्मेटांची वारी दिसते. कोणी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात, कोणी पेडण्यात, कोणी मोपाच्या विमानतळावर. आमच्या जिल्ह्यात चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, हद्दीला खेटून मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये. दोन्ही बाजूंना विमानं, मधल्या रस्त्यावर ॲक्टिवा. आमचे वाडवडील मुंबईचे चाकरमानी, गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. ही पोरं रोजची चाकरमानी. रात्री येतात, जेवतात, मोबाइल चार्जिंगला लावतात आणि स्वतः बंद पडतात.

तरी यांची लग्नं जमतात. भाऊ जोडधंदा म्हणून स्थळंही सुचवतात, म्हणून मला हे ठाऊक. गोव्यात बारा तास डब्यांवर लेबलं चिकटवणारा मुलगा 'जॉबला' असतो. पाचशे काजूंचा मालक 'घरीच' असतो. परवा मुलीच्या बापाने विचारलं, "झील करता काय?"

"पाचशे काजी आसत. नारळ, सुपारी, चार म्हशी."

"ता ऱ्हवांदे. करता काय?"

भाऊंनी त्या मुलाचा बायोडाटा पुन्हा लिहिला. 'पद : व्यवस्थापक, काजू विभाग. कामाचं ठिकाण : निवासस्थानाजवळ.' पुढच्या महिन्यात साखरपुडा झाला.

आणि इथेच भाऊंच्या स्वतःच्या बागेचा विषय निघतो. कुंपणाच्या आत, रुळांपासून चाळीस फुटांवर, त्यांची आंब्याची कलमं आहेत, काजू आहेत, बावीस माड आहेत. माडांवर चढणारा जुना पाडेली गुडघ्यांनी निवृत्त झाला. नारळ आपापल्या मर्जीने पडू लागले. एक तर लुनाच्या सीटवर पडला. भाऊंनी गावात माणूस शोधला. ज्याच्याकडे जावं, तो भाऊंनीच भरलेल्या कुठल्यातरी अर्जाच्या निकालाची वाट बघत बसलेला. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः जाहिरात काढली आणि आपल्या छापील अक्षरात झेरॉक्सच्या भिंतीवर लावली:

'जागा : १. पद : पाडेली व बागकाम. शिक्षण : अट नाही. वय : अट नाही. फी : नाही. परीक्षा : माडावर.'

तीन आठवडे पोरं ती वाचत होती. एकाने सवयीने फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकाने विचारलं, "भाऊ, सरकारी आसा?" एकाने अभ्यासक्रम विचारला. अर्ज एकही नाही. जाहिरातीचा कोपरा वाऱ्याने सुटला तेव्हा भाऊंनी शीत लावून पुन्हा चिकटवला, आणि त्या दिवशी प्रथमच मला ते बाकावर नुसते बसलेले दिसले. पिशवी मांडीवर, पण बंद.

एक तारीख होती, म्हणून मी तिथे होतो. चहा येत होता. आंब्याच्या बागांत राखणीला आमच्याकडे नेपाळचे लोक हंगामभर येतात. तसा एक पोरसवदा गडी, पाठीवर बोचकं, सोबत बायको, रस्ता ओलांडून आला. त्याला जाहिरातीतलं मराठी समजणं कठीणच होतं. कोणीतरी पानवाल्यासारखी हनुवटी वळवली असावी. तो बाकासमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं,

"मालिक, जगह है क्या?"

राहायला खोली विचारत होता की काम, कळायला मार्ग नव्हता. भाऊंनी ते विचारलंही नाही. शिक्षण विचारलं नाही, वय विचारलं नाही, कॅटेगरी विचारली नाही. चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या जागा दाखवल्या, ते जागाभाऊ बाकावरून धडपडत उठले.

"आसा रे बाबा, आसा! दोन्ही आसत!"

मग पिशवीतून त्यांनी कोरा कागद काढला, छापल्यासारख्या अक्षरात एकच ओळ लिहिली आणि पेन त्याच्या हातात देण्याआधी, माझ्याकडे बघत, खाली स्वतःची सही केली.