सातारा ते सांगली, व्हाया किक

येझदी मोटारसायकलला किक आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून उभा केला की किक, पुढं आडवा पाडला की गिअर. ही काटकसर ज्याला सुचली, त्याच्या घरी एकाच पातेल्यात आधी आमटी आणि मग चहा होत असणार. गाडीचं पाळण्यातलं नाव जावा; म्हैसूरच्या कारखान्यात पुढं येझदी झालं. १९९६ साली त्या कारखान्यालाच कुलूप लागलं.

माझ्या मित्राची (नाव सांगत नाही, त्याला सांगलीत अजून तोंड दाखवायचंय) येझदी साताऱ्याजवळच्या गावी गोठ्यात २१ वर्षं उभी होती. अंगावर कडब्याच्या पेंढ्या, सीटखाली उंदरांचा संसार. सिलिंडर एक असला तरी सायलेन्सर दोन, त्यामुळं कुंभारीण माशीनं दोन्हीकडं ऐसपैस मातीची घरं बांधलेली. टाकीची डावी बाजू तेवढी लख्ख होती, कारण म्हैस रोज तिथं पाठ खाजवायची.

गाडी मूळची मित्राच्या सांगलीच्या मामांची. मेहुण्याला 'चार दिवस वापरायला' दिलेली. मामा दर दिवाळीला फोनवर आधी गाडीची तब्येत विचारत, मग बहिणीची. यंदा म्हणाले, "चालू झाली तर तिच्यावरनं या. न्हाई झाली तर फराळाला येऊ नका."

मामींचा चिवडा पणाला लागल्यावर आम्ही बाह्या सरसावल्या. चार रविवार गेले. इंजिन जाम, किक दगडासारखी. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून आठ दिवस वाट पाहिली. कार्बोरेटर रॉकेलात बुडवला, पॉइंटवर पॉलिशपेपर फिरवला. टाकीतला गंज काढायला आत खडी घातली, तोंड बांधलं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ती तासभर हलवली. ओसरीवरून आजी म्हणाल्या, "बारसं कुणाचं रं?" साताऱ्यातल्या एका पोरगेल्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, आदरानं हात जोडले आणि निघून गेला.

एकोणचाळिसाव्या किकेला इंजिननं हुंकार दिला. इतका धूर झाला की गोठ्याला आग लागली म्हणून शेजारी कळशा घेऊन धावले. जुन्या गाडीची फेरनोंदणी, पर्यावरण कर वगैरे हकिकत मी इथं सांगत नाही. तिला वेगळा दिवाळी अंक काढावा लागेल.

सातारा-सांगली म्हणजे सुमारे १२० किलोमीटर. येष्टीला तीन तास पुष्कळ होतात, आम्हाला नऊ लागले. त्यातले गाडीच्या नावावर फार तर निम्मे. बाकीचे ज्यांच्याकडं कधीकाळी येझदी होती, त्या माणसांनी खाल्ले.

ही माणसं कुठून येतात देव जाणे. नागठाण्याजवळ प्लग काळा पडला म्हणून थांबलो, तर उसातून एक गृहस्थ प्रकटले. "आवाज वळखला. आमच्याकडं हुती." प्लग राहिला बाजूला, आधी त्यांच्या लग्नाची वरात ऐकावी लागली, जी अर्थातच येझदीवरून निघाली होती. उंब्रजला पंपावर तीच गत. कराडला तर कहर झाला. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. लिटरला ४० मिली की ५०, यावर दोन आजोबा भिडले. कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात म्हणे. हे दोघे समोरासमोर आले, पण मिळाले काही नाहीत. आम्ही निघालो तेव्हा वाद पिस्टनपर्यंत पोचला होता.

पेठ नाक्यावर क्लचची वायर तुटली. वायर शोधत दीड तास उन्हात फिरलो. मग चहाच्या गाड्यावरचा एक माणूस, जो हे सगळं पहिल्यापासून बघत होता, बशी खाली ठेवून म्हणाला, "वायर कशाला पायजे मर्दा? हिचा गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतोय." आणि खरंच सुटला. तोच म्हणाला, "सांगली जिल्हा हाय ह्यो. हितं काय बी चालू हुतंय." मग देवराष्ट्र्याची गोष्ट आली. यशवंतराव चव्हाणांच्या त्या जन्मगावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चक्क किकवर चालू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी ती घेऊन जानेवारी २०२२ मध्ये त्यांना बोलेरो दिली. म्हणजे आमची सबबच संपली. आमची गाडी निदान कारखान्यात तरी जन्मली होती.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात महिंद्रांचं भांडवल असलेल्या कंपनीनं येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणलं. नवी गाडी बटणावर चालू होते. होवो बापडी. पण तिच्यासाठी उसातून कोण बाहेर येणार?

इस्लामपूर, आष्टा मागं पडलं. संध्याकाळी आयर्विन पुलावर आलो. १९२९ सालचा पूल, खाली कृष्णा, वर आम्ही आणि आमचा धूर. हॉर्न वाजत नव्हता, पण गरज पडली नाही. लोक आवाजानंच बाजूला होत होते.

मामा फाटकातच उभे होते. आम्हाला 'या' सुद्धा म्हणाले नाहीत. घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातून त्यांनी खिळ्यासारखी एक किल्ली काढली. एवढी वर्षं ती त्यांनी जपली होती. खोचली, दांडा उभा केला, एक किक मारली. एकच! आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

"बसा. भडंग घेऊन येतो," म्हणाले आणि गेले.

चहा झाला, चिवडा झाला, चकल्या झाल्या. मामी शांत होत्या. म्हणाल्या, "मागं असंच कोथिंबीर आणायला गेले होते, ते मिरजेहून परत आले."

आठ वाजता फोन वाजला. मागं नरसोबाच्या वाडीची घंटा आणि इंजिनची धडधड एकदमच ऐकू येत होती.

"गाडी झकास हाय," मामा ओरडून म्हणाले. "माझी वाट बघू नका. तुम्ही येष्टीनं जावा."