एमजीबीचा चातुर्मास

एमजीबी ही इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार असून, ती हिवाळ्यासाठी नाही या एका मुद्द्यावर तिच्या आजच्या मालकांमध्ये सहसा मतभेद होत नाही. इतिहासाचे म्हणणे मात्र वेगळे पडते. ही गाडी सप्टेंबर १९६२ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या वाट्याला आलेला पहिलाच हिवाळा असा निघाला की नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून साचू लागलेले बर्फ मार्च उजाडेपर्यंत हटले नाही, तर उणे २.१ अंश सेल्सिअस सरासरीचा जानेवारी १९६३ हा मध्य इंग्लंडमधील १८१४ नंतरचा सर्वांत थंड महिना ठरला. त्या मोसमातील ग्राहकांनी नव्या कोऱ्या एमजीबीतून कचेरी गाठली, बाजारहाट केला आणि याबद्दल कोणी त्यांना शूर म्हटले नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, सफोकचे शेतकरी असलेल्या डॉनल्ड आणि अर्ल मॉर्ली या बंधूंनी हीच गाडी ऐन हिवाळ्यातील माँटे कार्लो रॅलीत हाणली व आपला गट जिंकला. त्याच गाडीचा आजचा मालक नोव्हेंबरात हवामानखात्याने तुरळक सरींचा अंदाज वर्तवताच तिच्यावर पांघरूण घालतो. साठ वर्षांत हे स्थित्यंतर कसे घडले याची कारणमीमांसा करण्याजोगी आहे.

थंडीने पत्रा मरत नाही, मिठाने मरतो. रात्री पारा शून्याकडे झुकू लागला की ब्रिटनमध्ये खडेमीठ पसरणाऱ्या लॉऱ्या रस्त्यांवर फिरू लागतात. खारट पाणी गोठण्यास शून्याहूनही कमी तापमान लागत असल्याने रस्ता निसरडा होत नाही, परंतु तेच पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने लोखंड गंजण्याची विद्युत्-रासायनिक क्रियाही त्यात झपाट्याने होते. या मिठाचा मोठा वाटा चेशायरमधील विन्सफर्डच्या खाणीतून, सुमारे दीडशे मीटर खोलीवरून येतो, आणि तो बावीस कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचा अवशेष मानला जातो. इतका काळ जमिनीखाली गुण्यागोविंदाने पडून राहिलेल्या या पदार्थाला वर आल्यावर करण्याजोगे पहिले काम सुचते ते एमजीबीची सिल खाण्याचे. सिल म्हणजे दाराखालून दोन चाकांच्या दरम्यान जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. या गाडीला स्वतंत्र चासी नसून सगळा भार कवचावरच असतो, आणि उघड्या गाडीला छप्पर नसल्यामुळे कवचाचा ताठपणा मुख्यतः या पेट्यांवर अवलंबून असतो. म्हणून जाणकार ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडी जॅकवर उचलवतात व दार उघडून पाहतात. सिल सडलेली असल्यास गाडी कमरेत वाकते व दार चौकटीत अडकते, आणि विकणारा ‘दार पहिल्यापासूनच जरा जड आहे’ असा खुलासा करतो.

हिवाळ्याशी कसे वागावे या प्रश्नावर मालकांचे दोन पंथ पडतात, त्यांना सोयीसाठी निद्रापंथ आणि संचारपंथ म्हणता येईल. निद्रापंथीयांची गाडी नोव्हेंबरात गॅरेजमध्ये जाते ती मार्चअखेर बाहेर येते, म्हणजे कार्तिकी एकादशीला देव शेषशय्येवरून उठण्याच्या सुमारास हिचा चातुर्मास सुरू होतो, आणि हिच्याही शयनाचे विधी ठरलेले असतात. वापरलेल्या तेलात आम्ले साचलेली असतात व ती चार महिने बेअरिंगना खात बसतात, म्हणून तेल आधी बदलले जाते. थंड करणाऱ्या पाण्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल घातले जाते, जे उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही. इंग्लंडमधील आजवरचा नीचांक उणे २६.१ अंशांचा आहे, पण विधीत काटकसर करायची नसते. एका जागी उभे राहून टायर खालून सपाट होऊ नयेत म्हणून त्यांत जादा हवा भरली जाते. हँडब्रेक धरून बसू नये म्हणून तो सोडून चाकांखाली ठोकळे दिले जातात. क्लचची तबकडी फ्लायव्हीलला चिकटू नये म्हणून क्लचचा पेडल लाकडाच्या दांडक्याने दाबून ठेवला जातो. आणि उंदरांनी संसार थाटू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला जातो. बोळा कोंबल्याचे मार्चमध्ये आठवत नाही, असा अनुभव असल्यामुळे तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधण्याचा उपविधीही रूढ आहे.

१९७४ पूर्वीच्या गाड्यांमध्ये सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, झाकणाखाली दडवलेल्या असत. त्या सहज दिसत नसल्यामुळे त्यांची आठवण उतरल्यावरच होई. आता त्यांना थेंबाथेंबाने वीज पाजणारा चार्जर जोडून ठेवतात. एवढा बंदोबस्त करूनही मालकाला चैन पडत नाही आणि तो दर रविवारी गॅरेजमध्ये जाऊन इंजिन पाच मिनिटे चालवून पाहतो, जे पुण्य समजून केलेले पाप होय. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, इंजिन पुरते तापले नाही तर ती सायलेन्सरमध्ये व तेलात पाणी होऊन बसते, आणि बाहेरून पांघरलेली गाडी आतून गंजू लागते.

संचारपंथीयांचा युक्तिवाद असा की उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. रबरी सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर चिकटतात, आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून सर्रास मिळणारे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल टाकीत पडल्या पडल्या हवेतील ओल शोषत राहते. म्हणून पावसाने रस्त्यावरचे मीठ धुऊन नेल्यानंतरचा कोरडा दिवस ते हेरतात. किल्ली फिरवल्यावर मागच्या उजव्या चाकाजवळील विजेच्या पेट्रोलपंपाची टकटक ऐकू आली पाहिजे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत पंपातील विद्युतस्पर्शक चिकटतात व टकटक येत नाही, तेव्हा मालक रस्त्यावर गुडघे टेकून पंपाला हातोडीची अलगद टिचकी मारतो, ती जोरात बसली तर नवा पंप आणावा लागतो. मग चोक ओढायचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची नळी खाली सरकवून मिश्रण दाट करायचे, सेल मारायचा, आणि इंजिन गरम होईल तसा चोक हळूहळू आत ढकलायचा. घाईने ढकलला तर गाडी नेमकी पहिल्या चौकात बंद पडते. टपाची मागची खिडकी प्लॅस्टिकची असल्यामुळे व ती थंडीत दुमडली की तडकत असल्यामुळे टप चढवलेलाच ठेवावा लागतो, परिणामी काचा आतून धुरकटतात. हीटर ऊब देण्यापेक्षा आवाज अधिक करत असल्याने काच फडक्याने पुसण्याची जबाबदारी शेजारच्या आसनावरील व्यक्तीकडे येते, आणि त्या व्यक्तीचे या पंथाविषयीचे मत उपलब्ध साहित्यात फारसे आढळत नाही. तासाभराच्या या आनंदानंतर मालक कुडकुडत तेवढाच वेळ रबरी नळीने गाडीचे पोट, मडगार्डांचे कोपरे आणि तारांच्या चाकांचा एकेक स्पोक धूत बसतो.

शासनाने या वादात पडणे टाळले आहे. चाळीस वर्षे उलटलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ताकर माफ आहे, आणि मोठे फेरफार झालेले नसल्यास वार्षिक तपासणीचीही सक्ती मे २०१८ पासून नाही. मात्र शून्य पौंडांचा तो कर दरवर्षी रीतसर ‘भरावा’ लागतो, किंवा गाडी रस्त्यावर नसल्याचे निवेदन द्यावे लागते.

या सर्व उपचारांचे मूळ गाडीच्या बांधणीत सापडत नाही, ते तिच्या शिरगणतीत सापडते. पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, आणि ज्या मिठातून रोज कामावर गेल्या त्यांपैकी बहुतेक भंगारात गेल्या. १९८८ पासून मूळ साच्यांवर नवी कवचे पुन्हा काढण्याची वेळ आली ती त्यामुळेच. उरलेल्या गाड्या मुळात नाजूक नव्हत्या, भावंडे गेल्यावर त्या लाडक्या झाल्या, आणि लाड सुरू झाल्यावर नाजूकपणा आपोआप आला. मॉर्ली बंधूंना ही सवलत नव्हती, कारण त्यांच्या काळी गाडी मोडली तर दुसरी मिळत असे.

या लाडांचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे. जानेवारीतील सर्वांत थंड सकाळी दाराबाहेर उभ्या असलेल्या रोजच्या गाडीची बॅटरी उतरते, तेव्हा घरात काठोकाठ भरलेली बॅटरी एमजीबीचीच असते. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक कवचाला जोडलेले असते आणि आधुनिक गाडीत ऋण टोक, त्यामुळे केबल जोडलेल्या असताना दोन्ही गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकले तर शॉर्ट सर्किट होते. म्हणून हे साहाय्य सोवळे पाळून, हातभर अंतर ठेवून करावे लागते. ते यथासांग पार पडले की रोजची गाडी सुरू होऊन कामावर जाते, आणि तिला सुरू करून देणारी एमजीबी परत पांघरुणात शिरते, कारण रस्त्यावर मीठ पडलेले असते.