रिकाम्या मांडवातले यजमान

आमच्या भगिनीचे चिरंजीव, ज्यांच्या अभियांत्रिकी शिक्षणापायी आमच्या मेहुण्यांनी भविष्यनिर्वाह निधीला दोन वेळा हात घातला होता, ते गेल्या रविवारी ऐन चहाच्या वेळी आले आणि आपण नोकरीचा राजीनामा देऊन डेटिंगचे नवे संकेतस्थळ काढीत आहो ही वार्ता त्यांनी ज्या प्रसन्न मुद्रेने सांगितली, त्या मुद्रेने पूर्वी लोक काशीयात्रेस निघत असत. “मामा, मार्केटमध्ये गर्दी आहे हे मला ठाऊक आहे,” ते म्हणाले, “पण आपला कन्सेप्ट वेगळा आहे.” तो वेगळेपणा कशात, हे मात्र बिस्किटांची बशी रिकामी होईपर्यंत आम्हांस उमगले नाही.

ही गर्दी आजची नव्हे. १९६५ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी माणशी तीन डॉलर घेऊन, प्रश्नावल्या भरवून, संगणकाकरवी जोड्या जुळविण्याचा उद्योग आरंभिला. १९९५ साली मॅच डॉट कॉम उघडले. २०१२ साली टिंडरने मनुष्याची पारख अंगठ्याच्या एका फटकाऱ्यावर आणून ठेवली. आणि २०१४ साली पहिला शब्द स्त्रीनेच बोलावा असा दंडक घालीत बंबल अवतरले. दुकानांची ही रांग पाहून ग्राहकास चुरशीचा भास होतो खरा. परंतु दफ्तर उघडावे तो टिंडर, हिंज, ओकेक्यूपिड आणि खुद्द मॅच ही सारी गावे मॅच ग्रुप नामक एकाच वतनदाराच्या सरंजामात मोडतात. मार्कस फ्रिंड नामक गृहस्थाने कॅनडात कित्येक वर्षे एकहाती चालविलेले प्लेंटी ऑफ फिश हेही गाव त्या वतनदाराने २०१५ साली साडेसत्तावन्न कोटी डॉलर मोजून आपल्या सनदेत चढविले. आमच्या भाच्याच्या डोळ्यांपुढे एकाकी तरुणांची व्याकुळ हृदये नसून हाच आकडा तरळत असावा, असा आम्हांस दाट वहीम आहे.

धंदाही मोठा विलक्षण. किराणा दुकानदाराची साखर गोड निघाली तर गिऱ्हाईक परत येते. येथे माल अस्सल निघाला की एका दमात दोन खातेदार कमी होतात. आमचे ॲप काढून टाकण्यासाठीच घडविले आहे, असे हिंजवाले अभिमानाने सांगतात. पण ते सांगण्यासाठी जाहिरातीवर खर्च करतात, यावरून काय ते समजावे. मॅच डॉट कॉमचे संस्थापक गॅरी क्रेमेन यांची तर प्रेयसीच त्या संकेतस्थळावर भेटलेल्या दुसऱ्या पुरुषाबरोबर निघून गेली. मालाच्या अस्सलपणाची याहून खरी पावती कोणत्या व्यापाऱ्याच्या नशिबी असेल?

परंतु खरी अडचण मांडवाची आहे. मांडवात कोणी नाही म्हणून कोणी येत नाही, आणि कोणी येत नाही म्हणून मांडवात कोणी नाही. त्यातही पुरुषांस आमंत्रण लागत नाही. ते नैवेद्याचा वास लागलेल्या मुंग्यांप्रमाणे आपोआप जमतात, आणि त्यांची दाटी पाहून चुकून आलेली एखादी स्त्री दारातूनच पाय काढता घेते. या पेचावर ॲशली मॅडिसन या कंपनीने जो तोडगा काढला, तो २०१५ साली तिचे दफ्तर चोरांनी फोडल्यावर चव्हाट्यावर आला: स्त्रियांच्या नावाने संगणकाचे कार्यक्रमच संदेश धाडीत होते, आणि बिचारे पुरुष पदरचे पैसे मोजून यंत्रांची मनधरणी करीत होते. पुढल्या वर्षी कंपनीने याची कबुलीही दिली.

“छे, छे, आपण असले काही करणार नाही,” भाचा कानाच्या पाळीस हात लावून म्हणाला. “फक्त सुरुवातीला, नुसत्या बियाण्यापुरत्या, थोड्या प्रोफाइल्स आपणच भरायच्या.” मग आवाज खाली आणून, स्वयंपाकघराकडे एक चोरटा कटाक्ष टाकीत, त्याने विचारले, “मामा, मामींचा लग्नाआधीचा एखादा फोटो आहे का हो?”

आतून कढई आपटल्याचा जो ध्वनी आला, त्यावरून आमच्या कुटुंबाचा अर्ज नामंजूर झाला असे धरून चालावे. सबब, सुजाण वाचक भगिनींस विनंती की, ज्यांची इच्छा असेल त्यांनी आमच्या भाच्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावे. शुल्क माफ आहे. पुरुषांनी कृपया तसदी घेऊ नये. ते पुरेसे झाले आहेत.